रक्त काढताना ग्लोव्हज: सक्ती हवी की नको?

सायली
रक्त काढताना ग्लोव्हज घालायलाच हवेत, दर वेळी. "पेशंट ओळखीचा आहे", "चांगला धडधाकट दिसतोय" ही कारणं मला अजिबात पटत नाहीत. हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही चेहऱ्यावर दिसत नाही. म्हणून तर प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं समजूनच हाताळायचं, हा नियम १९८०च्या दशकात आला.

मनोहर
सायलीताई, सक्तीला माझा विरोध आहे. ग्लोव्हजने सुई अडत नाही, आणि खरा धोका सुई टोचण्याचाच आहे. म्हातारं माणूस, केमो चालू असलेला पेशंट, अशांची शीर बोटालाच कळते. ग्लोव्हजमुळे अंदाज चुकला की पुन्हा टोचा! अमेरिकेच्या १९९१च्या नियमातही स्वेच्छा रक्तदान केंद्रांना सूट आहेच.

सायली
सूट आहे, पण अटी बघा ना. हाताला जखम असेल किंवा माणूस शिकाऊ असेल, तर तिथेही ग्लोव्हज घालावेच लागतात.
शिरेचं म्हणाल, तर ती आधी शोधा, टूर्निकेट (दंडाला बांधलेला पट्टा) सैल करा, हात स्वच्छ करा, ग्लोव्हज घाला आणि मग स्पिरिट लावून वाळू द्या. त्यानंतर त्या जागी बोट लावायचंच नसतं, मग उघडं असो की ग्लोव्हजमधलं. काही जण तर्जनीवरचा ग्लोव्ह कापून शीर चाचपतात. त्याच बोटावर रक्त येणार असतं! सुई अडत नाही हे खरं, पण ती रबरातून जाताना तिच्या बाहेरचं बरंचसं रक्त पुसलं जातं.

वृंदा (नर्स)
तुम्ही दोघं ग्लोव्हज घालण्यावर भांडताय, मला काळजी ते न बदलण्याची आहे. एकच जोडी घालून पेशंटमागून पेशंट, मध्येच फोन, दाराची कडी. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसही टिकतो. असे ग्लोव्हज फक्त घालणाऱ्याला वाचवतात, पुढच्या पेशंटला नाही. दर पेशंटला नवी जोडी, आणि काढल्यावर हात धुणं, हे सुटता कामा नये.
आणि लस घ्या हो. लस नसलेल्याला हिपॅटायटिस बीच्या पेशंटची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के. एचआयव्हीची ०.३ टक्के.

मनोहर
लसीबद्दल, जोडी बदलण्याबद्दल वाद नाही. पण बहुतेक ठिकाणी एकाच मापाचा डबा ठेवतात. लहान हाताला तो ढिला होतो, बोटाच्या टोकाला चुण्या पडतात आणि शीर निसटते. सक्ती करणाऱ्यांनी आधी तिन्ही मापं आणून ठेवावीत. सुई टाकायचा जाड डबा हाताशी ठेवावा, म्हणजे सुईला टोपण परत लावायची वेळच येणार नाही.

वृंदा (नर्स)
मापाचं शंभर टक्के बरोबर. फक्त मोठा ग्लोव्ह मिळाला म्हणून उघड्या हाताने रक्त काढू नका, तेवढं ऐका. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची औषधं लागली तर ती ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं.