नाताळचं ब्लँकेटवाटप बंद करून अंथरुणाला खिळलेल्यांची वर्षभर सेवा: बसवायची कशी?

घाटाखालचा पंच

सर्वांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, तालुक्याच्या गावची, १४० कुटुंबांची. दर नाताळात ब्लँकेटं आणि मिठाई वाटतो, फोटो निघतात, जानेवारीत विषय संपतो. यंदा पंचकमिटीने ठरवलंय की तेच ४५,००० रुपये अंथरुणावर पडून असलेल्या माणसांसाठी वर्षभर वापरायचे. यादीत नऊ जण आहेत: पाच अर्धांगवायूचे, दोन कॅन्सरचे, मणक्याला मार बसलेला एक तरुण आणि एक आजी, जिला आजार असा नाही, वय झालंय. नवांपैकी चौघं ख्रिस्ती नाहीत, शेजारच्या वस्तीतले आहेत.

महिला मंडळातल्या आठ जणी आणि तरुण संघाचे चौघं तयार आहेत. वैद्यकीय शिक्षण कुणाचंच नाही. घरी जाऊन नेमकं करायचं काय, आणि कशाला हात लावायचा नाही? पैसे कशावर घालायचे? ख्रिस्ती नसलेल्या घरी प्रार्थना करायची का? आणि हे ईस्टरपर्यंत बंद पडू नये म्हणून काय करता येईल? बायबलातल्या मत्तय २५ वर (आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असं येशू म्हणतो तो अध्याय) प्रवचन नको, ते पाळकसाहेब उत्तम देतात.

वॉर्ड नंबर चार

आधी दोन दिवस जवळच्या रुग्णालयातल्या सिस्टरकडून हात बसवून घ्या: कूस बदलणं, पाठ पुसणं, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. व्हिडिओ बघून हे येत नाही. कॅथेटर (लघवीची नळी) घालणं-काढणं, नाकातली नळी बसवणं, इंजेक्शन, मेलेली कातडी कापणं या चार गोष्टींना तुमच्यातल्या कुणीही हात लावायचा नाही, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी.

तुमचा मुख्य शत्रू म्हणजे बेडसोर, एकाच जागी पडून राहून होणारी जखम. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू या जागा प्रत्येक भेटीत उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला की बोटाने दाबा. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर अजून वेळ आहे. लाल ती लालच राहिली तर जखम आतून सुरू झाली, त्या बाजूवर आता झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागतं.

कूस दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण आडवं कुशीवर केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून थोडंसंच कलतं ठेवा, साधारण ३० अंश. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली दुसरी, टाच अधांतरी राहील अशी. माणूस ओढायचा नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचा. ओढल्यावर कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं मांस सरकतं, अर्ध्या जखमा तिथे होतात.

घरोघरी चुका त्याच: लाल जागेवर तेल चोळणं (आतल्या फुटलेल्या केशवाहिन्या आणखी फुटतात), स्पिरिट लावून कातडी कोरडी ठक्क करणं, पावडरचे थर, आणि ती गोल भोकाची रबरी रिंग. रिंग भोवतीचा रक्तपुरवठा दाबते आणि मधली जागा मरते. कुणी दान दिली तरी वापरू नका.

जखम असेल तर डॉक्टरने सांगितलेलं ड्रेसिंग तेवढंच करायचं. धुवायला एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचा सपाट दीड. कोमट झाल्यावर वापरा, उरलेलं संध्याकाळी ओतून द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, फेस बघून बरं वाटतं पण भरत आलेलं नवं मांसही जळतं. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहा. "बरी वाटतेय" या शब्दांवर विश्वास ठेवू नका.

अर्धांगवायूच्या पाच जणांना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निसटतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. हात खांद्याच्या पात्याखाली घालून उठवा. भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पाणी प्यायल्यावर खोकला आला किंवा आवाज घुरघुरता झाला तर पातळ पदार्थ श्वासनळीत जातायत असं समजा. तोंडाने देणं थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. त्यांनी परवानगी दिली तर खिमटीसारखं घट्ट चालतं. पाणी सगळ्यात धोक्याचं असतं, हे घरच्यांना पटायला वेळ लागतो.

मणक्याच्या तरुणाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करा. मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि त्याला अचानक ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर घाम आणि लाली आली, तर आधी त्याला बसतं करा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा आणि लघवीची नळी कुठे मुडपली आहे ते बघा. तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब भयंकर चढलेला असतो. नळी सरळ केल्यावर लगेच उतरलं नाही तर थेट दवाखाना. झोपवून डोक्याला बाम चोळणं ही त्या वेळची सर्वांत वाईट सेवा.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला टेकलेली नाही. पलंगाच्या पायाला एस आकाराचा हूक लावा, दहा-वीस रुपयांत मिळतो.

खजिनदार

४५,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला ३,७५०. आता मोठ्यांचा डायपर ४० रुपयांना धरा, दिवसाला तीन, महिन्याचे ३,६०० झाले. एका माणसात तुमचं बजेट संपलं, बाकीचे आठ तसेच. म्हणून डायपर फक्त दवाखान्याच्या फेरीसाठी आणि जुलाबाच्या दिवसांसाठी ठेवा. रोजच्या वापराला रबरी चादर, तिच्यावर जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या. मंडळीतून जुनी सुती लुगडी आणि धोतरं गोळा करा, एकेका घराला बारा-पंधरा घड्या लागतात, कारण पावसाळ्यात वाळत नाहीत. नायलॉन आलं तर सरळ परत करा.

पैसे जातील ते गॉज (जखमेवरचं जाळीदार कापड), हातमोजे, उशा, रबरी चादरी आणि दवाखान्याच्या गाडीभाड्यावर. गाडीभाड्याला एक तृतीयांश बाजूला ठेवा. सगळे तेच विसरतात, आणि कॅन्सरच्या रुग्णाची वेदनेची गोळी त्यावाचून अडते.

हिशेब मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातूनच, दोन सह्यांनी. मंडळातल्या कुणा बाईंच्या वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी घ्यायची नाही, बाई कितीही प्रामाणिक असोत. ऑडिटला खर्चाची पावती लागते, रिक्षावाल्यासाठी साधं व्हाउचर छापून घ्या. आणि कुणाचा परदेशातला मुलगा पैसे पाठवतो म्हणाला, तर आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर चालतं. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. चांगल्या हेतूने घेतलेल्या दहा हजारांपायी ट्रस्ट अडचणीत येतो.

येशूच्या गोष्टीतल्या शोमरोन्याने वाटेत सापडलेल्या जखमी माणसासाठी धर्मशाळेवाल्याला दोन दीनार दिले आणि वर लागेल ते परत येईन तेव्हा देईन म्हणाला. दुसरी फेरी त्याने आधीच बजेटात धरली होती.

वसईचा किनारा

आमच्या कॅथलिक चर्चांत गरिबांच्या घरी भेटी देणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची पद्धत १८३३ पासूनची आहे, ती उचला: भेटीला नेहमी दोघं, आणि ठरलेल्या दिवशी बैठक, जिथे प्रत्येक घराचं नाव घेऊन बोलणं होतं. बैठक चुकली की काम मरतं, अनुभव जगभरचा आहे.

तुमचे बारा म्हणजे सहा जोड्या. तीन जोड्यांना दोन-दोन हलकी घरं, तीन जोड्यांना एक-एक जड घर (दोन कॅन्सर, एक मणका). नऊ झाली. वार आणि वेळ ठरलेली, "जमेल तसं" नाही. बायकांच्या अंगाची स्वच्छता असेल तिथे जोडीत बाई हवीच. एकच उत्साही माणूस सगळीकडे जात असेल तर त्याला थांबवा, तो चौथ्या महिन्यात आजारी पडेल आणि सगळं त्याच्याबरोबर पडेल.

आणि भेट फक्त रुग्णाची नसते. रात्री तीनदा उठणारी सून महिनोन्महिने घराबाहेर पडलेली नसते. जोडीने दर पंधरवड्याला तिला तीन तास मोकळी करायची: बँक, पार्लर, माहेर, तिला हवं ते. कुठे गेली होतीस, हे विचारायचं नाही.

प्रार्थनेबद्दल. येशूने आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं?" आंधळ्याला काय हवं हे दिसत नव्हतं का? तरी विचारलं. ख्रिस्ती नसलेल्या घरी आपण होऊन प्रार्थना सुरू करू नका, औषधाच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालू नका. त्यांनी "तुमची प्रार्थना करा" म्हटलं तर करा, छोटी, घरच्यांसमोर, आणि बरं करण्याची हमी न देता. अंथरुणावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याची "हो" म्हणण्याची मोकळीक आधीच कमी असते. फोटो अजिबात नको, चर्चच्या ग्रुपवरही नाही.

जामखेड रस्ता

वरचं सगळं बरोबर, पण एवढ्यावर थांबलात तर तीच ब्लँकेटं जरा लांब पसरली असं होईल. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० मध्ये आलं तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नाची आणि पाण्याची होती. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका केलं. तुमच्या "वैद्यकीय शिक्षण कुणाचंच नाही" या काळजीला ते उत्तर पुरेसं आहे.

तुमच्या नऊ घरांत पहिल्या महिन्यात कागद तपासा. रेशनकार्डावर नाव आहे का, आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय का? पडून असलेल्याचा अंगठा मशीन बऱ्याचदा घेत नाही, मग नाव कटू शकतं. तलाठी-दुकानदाराकडे खेटे घालायला त्या घरात मोकळं माणूस नसतं, ते काम तरुण संघाचं. सरकारी अनुदानासाठी ६५ च्या आतल्यांना संजय गांधी निराधार योजना, ६५ च्या पुढच्यांना श्रावणबाळ योजना. वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये (अपंगांना निराधार योजनेत ५०,०००), महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. पैसे आता आधारला जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून बंद पडलेलं जनधन खातं आधी जागं करा. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो राहिला की अनुदान थांबतं आणि घरच्यांना वाटतं योजनाच बंद झाली. अर्धांगवायू आणि मणकावाल्यांना किमान ४० टक्क्यांचं अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र), त्यासाठी जिल्हा रुग्णालयाची फेरी. खजिनदारांचं गाडीभाडं इथे वसूल होतं: एक फेरी, मग दर महिन्याचं अनुदान.

कॅन्सरच्या दोघांसाठी वेदनाशामक विभाग शोधा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) देऊ शकतात. गोळ्या सुरू झाल्या की बद्धकोष्ठता ठरलेली, पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्या संस्थेला परत. "त्या दुसऱ्या काकांना होतील" असं करायचं नाही, तो गुन्हा आहे.

आणखी एक. बायबलात प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची होती, रोजच्या वाटपात त्यांना डावललं जात होतं. मग वाटपासाठी निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच हातात वाटप दिलं. तुमच्या समितीत शेजारच्या वस्तीतला एक माणूस घ्या, सही करण्याच्या अधिकारासकट.

घाटाखालचा पंच

खूप आभार, वहीत उतरवून घेतोय. दोन शंका. एका दात्याने हवेची गादी देऊ केली आहे, घ्यावी का? आणि मंडळीतली एक गरजू ताई रोज चार तास तीन घरं बघायला तयार आहे. सेवेचंच काम असल्याने महिना २,००० मानधन द्यावं असं कमिटीत निघालं.

वॉर्ड नंबर चार

गादी घ्या, मणकावाल्याला द्या. पण कूस बदलणं सुटत नाही, तास थोडे वाढवता येतात एवढंच. भारनियमनात पंप थांबला की गादी बसते आणि माणूस थेट फळीवर येतो, म्हणून खाली साधी गादी हवीच. हवा पुरेशी आहे का बघायला माकडहाडाखाली गादीच्या खालून हात घाला: हाड हाताला लागलं तर हवा कमी. वर जाड सतरंजी अंथरली तर गादीचा उपयोग शून्य.

खजिनदार

२,००० भागिले १२० तास म्हणजे तासाला १७ रुपयेसुद्धा नाहीत. बायबलातलं अनुवाद पुस्तक २४:१५ काढा: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी. दात्यांनी वेळ फुकट द्यावा, ती सेवा. जिला चूल पेटवायची आहे तिला मजुरी द्या: जिल्ह्यातला किमान वेतनाचा दर कामगार कार्यालयात विचारा, आठवड्याला सुटी, ठरलेल्या तारखेला बँकेत पगार. परवडत नसेल तर तीनऐवजी एकच घर बघू द्या, एक तास, पण पूर्ण दराने. आणि त्याच बैठकीत चर्च झाडणाऱ्या माणसाचा पगार शेवटचा कधी वाढवला तेही बघून घ्या.

वसईचा किनारा

त्या नुसत्याच म्हाताऱ्या झालेल्या आजीचं राहिलं. तिची नखं कापा, कवळी धुवा, कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या. निम्म्या वेळा "ऐकू येत नाही, म्हणून बोलत नाही" एवढंच निघतं.