संत्र्याचा ताण तुटला की मोटारींची रांग लागते, अशात वेळ कसा सांभाळता?

वाइंडिंगवाला, मोर्शी
नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी आणि हाताखाली एक पोरगा, बस. पावसाळ्यात माशा मारत बसतो, पण जानेवारी अर्धा झाला, आंबिया बहाराचा ताण तोडायची, म्हणजे संत्र्याला फुलं यावीत म्हणून बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करायची वेळ आली, की दारात रांग. डिसेंबरभर बंद असलेल्या मोटारी सगळे एकाच आठवड्यात सुरू करतात. कोणाचा पंप गाळानं जाम, कोणाच्या स्टार्टरची वायर उंदरानं खाल्लेली. वरून घरोघरी ऑटो स्विच. लाइन आली रे आली की एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज बसते आणि कमजोर असेल ती जळते.

काम आहे याची तक्रार नाही, सलग करता येत नाही ही आहे. सबमर्सिबलची वायर एकेक वेढा हातानं खाचेतून ओवावी लागते. मोजता मोजता दारातून आवाज, "झाली का बावा माही मोटार?" की गेला आकडा. एखादा वेढा कमी-जास्त झाला तर तिन्ही फेजचा अँपिअर सारखा येत नाही, मग उकला आणि पुन्हा मोजा. मधेच बेअरिंग कमी पडलं की मोर्शी, वायर संपली की अमरावती. रात्री हिशेबाला बसलो की डोळे मिटतात.

मोबाइलवर टाइम मॅनेजमेंटचे व्हिडिओ पाहिले. सकाळी 5 ला उठा म्हणतात. मी उठतोच 5 ला, नाहीतर म्हशीचं कोण पाहील? दुकानवाल्या माणसांनी सांगा, तुम्ही कसं करता?

कांडपवाली, आर्वी
दादा, माझी पिठाची गिरणी आणि कांडप आहे. आमच्यात गोची अशी की मिरचीनंतर हळद आली की मशीन आख्खं झाडून पुसून घ्यावं लागतं, नाहीतर हळद तिखट. मार्च-एप्रिलात कोण काय घेऊन येईल नेम नाही. म्हणून मी वार ठरवले, मिरची सोमवार-गुरुवार, हळद शनिवारी, आणि दारावर पाटी लावली. पहिल्या उन्हाळ्यात बायका चिडल्या, काही दुसऱ्या गिरणीवर गेल्या. जाऊ दिल्या.

तुमचं बेअरिंगसाठी धावणं यातच बसतं. बाजाराला जायचा वार एक ठेवा, आणि पोराला रोज रात्री काय संपत आलं ते भिंतीवर खडूनं लिहायला लावा. वाइंडिंगला बसाल तेव्हा अर्धं शटर खाली आणि फोन पोराकडे. त्याला बोलता येत नसेल तर शिकवा, वाइंडिंग शिकवण्यापेक्षा सोपं आहे.

कृषी केंद्र, दारव्हा
ताईचं वाराचं बरोबर हाय, पण शटरचं मले नाही पटलं. अर्धं शटर दिसलं त लोकं म्हणतात दुकान बंद, अन् सरळ पुढच्याकडे जातात. जून महिन्यात त आमच्याकडे इचारूच नका.

मी काम तोडून ठेवतो. खताले पॉस मशीनवर अंगठा लागते, नेट गेलं का माणूस तिथंच उभा अन् त्याच्या मांगं रांग. म्हणून पेरनीच्या वक्ती सकायी फक्त बियानं, खतवाल्याईले दुपारून बोलावतो. उधारीच्या मांगं म्या हिंडनंच सोडलं. सोयाबीन-कापूस इकल्याबिगर कोनाजवळ पैसा नसते, आधी जाऊन निरा पेट्रोल जाळनं होते.

हिशेबाचं म्हनसान त उलाढाल 5 कोटीच्या आत असली त जीएसटीचं रिटर्न तिमाही घेता येते, म्या तेच घेतलं. पन तिमाहीच्या पयल्या दोन महिन्याचा कर ज्याच्या त्याच्या पुढच्या महिन्याच्या 25 तारखेलोक भराच लागते, हे लय लोकं इसरतात. बिलं रोज पिशवीत टाकाची, रात्री जागाचं काम नाही.

संत्रावाला, वरूड
मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. आम्ही दारात येऊन उभे राहतो कारण तुम्ही लोक "उद्या ये" म्हणता. उद्या गेलो की पुन्हा उद्या. ताण तोडायचं पाणी वेळेवर बसलं नाही तर वर्षाचा बहार हातचा जातो, मग माणूस चकरा मारणारच. मोटारीला चिठ्ठी बांधा, त्यावर तारीख लिहा. चार दिवस लागणार असतील तर पाच लिहा. तारीख पक्की असली तर मी शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाळी भागवतो, "उद्या"वर शेजाऱ्याला काय सांगू?

आणि डिसेंबरात बागेला ताण असतो, मोटार रिकामीच असते. तेव्हा काहून नाही तपासून घेत?

वाइंडिंगवाला, मोर्शी
चिठ्ठीचं उद्यापासूनच करतो. शटर नाही, पण बाक दुकानाबाहेर काढतो, गप्पा तिथं आणि पोरगाही तिथंच. संत्रावाले भाऊ, राग कसला, डिसेंबरचं तुमचं खरं आहे. बोअरमधून मोटार काढायला चेनपुली आणि माणसं लागतात, बिघाड नसताना कोणी काढणार नाही. पण काढायची गरजच नाही. स्टार्टरपासून केबल सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला की वाइंडिंगचं इन्सुलेशन वरूनच समजते, त्याला लाइनही लागत नाही. पंप जाम आहे का ते त्यात दिसणार नाही, पण ओल धरलेली मोटार आणि उंदरानं खाल्लेली वायर आधीच सापडेल. एक गाव एका दिवशी धरलं तर होण्यासारखं आहे. तपासणीचे पैसे घ्यायचे की फुकट करायचं?

संत्रावाला, वरूड
पैसे घ्या. फुकट म्हटलं तर सगळे हो म्हणतील आणि तुम्ही वावरात पोहोचाल तेव्हा स्टार्टरच्या पेटीची चावी घरी असेल.