पाच आठवड्यांच्या सरासरीवरून पोरांवर शिक्का मारू नका

रारिटनकाठी

ब्रिजवॉटरला राहायला आल्यापासून सॉमरसेट पेट्रियट्सचे बेसबॉल सामने बघतोय. न्यूयॉर्क यांकीजचा हा २०२१ पासूनचा डबल-ए संघ. बालाजी मंदिरामुळे न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हे गाव माहीत आहे, पण याच गावात उद्याचे मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च लीगचे, खेळाडू हाताच्या अंतरावरून बघायला मिळतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. मेजर लीगच्या ३० संघांखाली मायनर लीगच्या सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चढत्या चार पायऱ्या आहेत, एकूण १२० संघ. सीझन एप्रिलच्या तोंडावर सुरू होतो. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. म्हणजे पाच आठवड्यांत साधारण तीस सामने होतात आणि रोज खेळणारा बॅटर सव्वाशेच्या आसपास वेळा बॅटिंगला येतो.

आणि एवढ्यावर आपल्या ग्रुपवर निकाल लागायला सुरुवात होते. ‘हा संपला.’ ‘याच्यात काही दम नाही.’ मला हे मनापासून खटकतं.

परवाच्या थंडीतलं सांगतो. तापमान सहा-सात अंश, लोक ब्लँकेट गुंडाळून बसलेले. एक पोरगा, नाव मुद्दाम लिहीत नाही, दोन स्ट्राइक खाऊन उभा, तिसऱ्याला बाद. पुढचा स्लायडर प्लेटच्या बाहेर जाणारा, शेवटी खाली बुडणारा. गेल्या वर्षी याच चेंडूवर तो हमखास बॅट फिरवायचा. या वेळी खांदा हलला, पण मनगटं थांबली. पुन्हा तसाच चेंडू, पुन्हा सोडला. तीन बॉल (बाहेर गेलेले चेंडू), दोन स्ट्राइक झाल्यावर आलेला फास्टबॉल त्याने असा हाणला की आवाज ऐकूनच मी उठून उभा राहिलो. सेंटर फिल्डर दोन पावलं मागे गेला आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये. रात्री स्कोअरमध्ये काय दिसलं? चारदा बॅटिंग, हिट शून्य. त्याची सरासरी (वॉक सोडून दर बॅटिंगमागे हिट; .२५० म्हणजे चारात एक) अजून खाली गेली. मी मात्र घरी परतलो ते खूश होऊन, कारण एका हिवाळ्यात त्याने तो स्लायडर सोडायला शिकून घेतला होता.

बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ रसेल कार्लटन यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी हिशेब मांडला होता, की कुठल्या आकड्यात नशिबापेक्षा गुण जास्त बोलू लागतो आणि कधी. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद) प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंग केल्यावर, वॉकचं (चार बॉल झाल्यावर फुकट मिळणारा बेस) १२० च्या आसपास. आणि बॅटिंग सरासरी? सुमारे ९१०. म्हणजे मायनर लीगचे जवळजवळ दोन सीझन.

रोमन अँथनीचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये रेड सॉक्सच्या सेलम संघाकडून ४२ सामन्यांत सरासरी .२२८, होमरन फक्त एक. वय १९. आपल्या निकषांवर तो नापासच. पण तो वॉक भरपूर घेत होता आणि चेंडू बॅटवर आला की फटका सणसणीत जात होता. संघाने जूनमध्ये त्याला एक पायरी वर, ग्रीनव्हिलला पाठवलं. तिथे ५४ सामन्यांत १२ होमरन. २०२५ च्या जूनमध्ये तो बॉस्टनकडून मेजर लीगमध्ये खेळत होता.

मी एप्रिल-मेमध्ये चारच गोष्टी बघतो: स्ट्राइकआउट, वॉक, फटक्याचा जोर आणि त्या पायरीच्या मानाने वय. सरासरीकडे जुलैआधी बघतच नाही.

स्कोअरबुक

तुमचं लिखाण आवडतं, पण हा धीर धरण्याचा सल्ला दरवर्षी तुमच्या आवडत्या पोरांच्याच वाट्याला येतो.

अँथनी व्होल्पे आठवा. शेजारच्या वॉचंगचा, आपल्याच काउंटीतला मुलगा. २०२२ मध्ये इथेच खेळला. पहिले पाच-सहा आठवडे सरासरी दोनशेच्या आसपास अडकलेली, आणि तुम्ही सगळे म्हणत होतात, ‘अजून थोडेच सामने झालेत.’ पुढे तो सावरला, सॉमरसेटचा शेवट .२५१ वर केला. २०२३ मध्ये यांकीजने पहिल्याच दिवसापासून शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) उभा केला. त्या वर्षी .२०९. २०२४ मध्ये .२४३. २०२५ मध्ये .२१२. फिल्डिंगसाठी गोल्ड ग्लोव्ह मिळाला, त्याबद्दल वाद नाही. पण बॅटिंगबद्दल तो एप्रिल काहीतरी सांगत होता आणि आपण कान बंद केले होते.

चांगली सुरुवातही खरं बोलते. माइक ट्राऊट २०१२ मध्ये एंजल्सच्या ट्रिपल-ए संघाकडून सॉल्ट लेकला २० सामने खेळला, सरासरी .४०३. एंजल्सनी २८ एप्रिलला वर घेतला. त्याच वर्षी तो रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित, झाला. तेव्हा कुणी ‘जुलैपर्यंत थांबा’ म्हटलं असतं तर?

रारिटनकाठी

ट्राऊटला २० सामने बघून वर घेतला नव्हता. २०११ मध्ये १९ व्या वर्षीच तो ४० सामने मेजर लीगमध्ये खेळून आला होता, .२२० सरासरीने. त्या .२२० वर विश्वास ठेवला असता तर?

आणि गरम सुरुवातीचंच म्हणाल तर जॅक्सन हॉलिडे. २०२४ च्या एप्रिलमध्ये ट्रिपल-एला नॉरफोककडून दहा सामन्यांत .३३३. ओरियल्सनी मेजर लीगमध्ये बोलावलं. ३४ बॅटिंगमध्ये २ हिट, १८ स्ट्राइकआउट, महिना संपायच्या आत परत खाली. आता त्या दोन हिटवरून तरी त्याला मोडीत काढायचं का? एरन जजने २०१६ मध्ये पहिल्या २७ सामन्यांत .१७९ केले आणि पुढच्या वर्षी ५२ होमरन मारले.

व्होल्पेबद्दल इतकंच म्हणेन, की त्या वर्षी त्याने दोन पायऱ्यांवर मिळून २१ होमरन मारले आणि ५० बेस चोरले (फटक्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला). मेजर लीगमध्ये जे झालं त्याची मुळं एका एप्रिलमध्ये शोधणं मला पटत नाही.

लेफ्टी

तुम्ही दोघे फक्त बॅटरबद्दल बोलताय. पिचरचा एप्रिल तर आणखी फसवा. बऱ्याच पोरांना कोच सांगतात, ‘या महिन्यात चेंजअप (फसवा हळू चेंडू) टाकायचाच, मार बसला तरी चालेल.’ तो मार स्कोअरमध्ये उतरतो, त्यामागचं कारण उतरत नाही.

पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ट्रिपल-एला इंडियानापोलिसकडून सात सामन्यांत खेळला. ०.९९ चा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) सगळ्यांच्या तोंडी होता. पण पायरेट्स त्याला सरासरी चार इनिंगसुद्धा टाकू देत नव्हते, मग त्या ईआरएवरून काय ठरवणार? खरी गोष्ट होती २७⅓ इनिंगमधले ४५ स्ट्राइकआउट. ११ मेला वर गेला आणि पुढे काय केलं ते सगळ्यांसमोर आहे.

फक्त रारिटनकाठी, ट्रिपल-एचे वॉक जपून वाचा. तिथे २०२३ मध्ये सगळीकडे बॉल-स्ट्राइक ठरवायला यंत्र आलं आणि वॉक वाढले. डबल-एचा चष्मा तिथे चालत नाही.

ओहायोवाली

मला दुसरंच काही सांगायचं आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या तळघरातल्या खोलीत एक खेळाडू राहायचा. तेव्हा संघ राहायची सोय करत नसत, गावातली कुटुंबं पोरांना घरी ठेवून घेत. हा तिसाव्या फेरीनंतर निवडलेला. तेव्हा ड्राफ्टच्या (नवीन खेळाडूंची वार्षिक निवड) ४० फेऱ्या असायच्या, आता २० च आहेत. सकाळी माझ्या हातचे कांदेपोहे खायचा, वर शेव मागून घ्यायचा. आठवड्यात दोनदा, फार तर तीनदा खेळवायचे. तो चांगला फटका मारून आऊट झाला तर पुढचे तीन दिवस बाकावर. एका सकाळी फोन आला. खाली जाऊन बघते तर अंथरुणाची घडी घातलेली, बॅग भरलेली. दोन बॅट आमच्या गॅरेजमध्ये ठेवून गेला, मुठीला गुंडाळलेली टेप हाताच्या घामाने काळी पडलेली. त्या अजून तिथेच आहेत.

त्याला किती वेळा बॅटिंग मिळाली होती? साठसुद्धा नाही.

रारिटनकाठी, तुमची सगळी उदाहरणं मोठ्या रकमेच्या करारांची आहेत. जॅसन डॉमिंगेझला यांकीजने सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलर दिले. २०२३ मध्ये सॉमरसेटला त्याची सुरुवात अडखळत झाली, तरी त्याला रोज खेळवलं आणि सप्टेंबरमध्ये तो ह्यूस्टनला नावाजलेल्या पिचर व्हरलँडरवर मेजर लीगमधल्या पहिल्याच बॅटिंगला होमरन मारताना दिसला. चांगलंच झालं. पण धीर हा पैसा गुंतवलेल्यांसाठी राखून ठेवलेला असतो. मेजर लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०२३ च्या करारानंतर डबल-एचा वर्षाचा पगार १३,८०० वरून ३०,२५० डॉलर झाला, हे फार आधी व्हायला हवं होतं. त्याच करारात एका संघाने देशात किती खेळाडू ठेवायचे याची मर्यादा १८० वरून १६५ वर आली. तळातल्या पोरांना तुमचा जुलै बघायलाच मिळत नाही.

रारिटनकाठी

ताई, वाचून गप्प झालो. पण म्हणूनच तर मी सांगतोय, की सरासरी बघून पोरं काढू नका. त्या मुलाचे स्ट्राइकआउट कमी असतील, फटके जोरात जात असतील, तर ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

ओहायोवाली

लिहून ठेवलं असेलच. संघाकडे तुमच्यापेक्षा जास्त नोंदी असतात. तरी जागा १६५ च आणि दर जुलैला ड्राफ्टमधून नवीन पोरं येतात. कुणाला तरी जावंच लागतं आणि ज्याला कमी खेळवलं त्याच्या बाजूने बोलायला आकडाच नसतो. तुम्ही म्हणता थोड्या सामन्यांवरून ठरवू नका. मी म्हणते, थोडे सामने कुणाच्या वाट्याला येतात ते आधी बघा.

स्कोअरबुक

ताईंचा मुद्दा माझ्याही विरोधात जातो, तरी मान्य.

पण रारिटनकाठी, तुमच्याच ६० च्या नियमाने स्पेन्सर जोन्सबद्दल बोला. २०२४ मध्ये इथे पूर्ण सीझन, २०० स्ट्राइकआउट. २०२५ मध्ये पुन्हा इथेच, ४९ सामन्यांत १६ होमरन, आणि आपला ग्रुप नाचत होता. स्ट्राइकआउट मात्र तेव्हाही दर तीन बॅटिंगमागे एकाच्या आसपास. वय २४ आणि पायरी तीच. तुमच्या चारपैकी दोन खणांत तो नापास होता. तरी त्या मे महिन्यात तुम्ही त्याच्याबद्दल काय लिहिलं होतं?

रारिटनकाठी

लिहिलं होतं, की त्याला लगेच वर घ्या. होमरनने माझेही डोळे दिपले होते आणि स्ट्राइकआउटकडे मी दुर्लक्ष केलं, हे कबूल. वर्षअखेरीस ३५ होमरन आणि २९ बेस चोरले. म्हणून पूर्ण चुकलो असंही वाटत नाही. फटक्याचा जोर हा तिसरा खण त्याने इतका भरला होता, की बाकीचे किती मोजायचे हे मला अजून उलगडलेलं नाही. कार्लटन यांचे आकडेही मेजर लीगच्या खेळाडूंवरून काढलेले. वीस वर्षांचं पोरगं दोन महिन्यांत बदलतं, तिथे ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

स्कोअरबुक

मग पुढच्या घरच्या मालिकेला सहाही दिवस येतो. तुम्ही सोडलेले स्लायडर लिहा, मी स्ट्राइकआउट लिहितो. सोमवारी दोन्ही वह्यांचे फोटो इथे टाकू.

ओहायोवाली

एक रकाना माझ्यासाठी ठेवा: सहा दिवसांत कोण एकदाच खेळला, आणि त्या दिवशी त्याने मारलेले चेंडू कुठे गेले.