कथा अडली की पात्राला झोपवायचं?

खोडरबर
कथालेखनाच्या टिप्स देणारी एक पोस्ट फिरतेय. त्यात लिहिलंय, कथा अडली तर सरळ पात्राला झोपवा आणि स्वप्न पाडा, स्वप्नात काहीही चालतं, वाचक प्रश्न विचारत नाही. खाली बदामांचा पाऊस.

वाचक विचारत नाही हे ठरवलं कुणी? मी विचारतो. चार पानं मी त्या बाईबरोबर अंधारात जिना उतरतोय, तिचा भाऊ विहिरीत पडताना बघतोय, माझाही जीव वरखाली होतोय आणि पाचव्या पानावर "ती दचकून जागी झाली, घामाने डबडबली होती". घाम कंपल्सरी. मग माझी भीती गेली कुठे? ही म्हणजे उसने घेतलेले पैसे मागितल्यावर "कसले पैसे" म्हणण्यातली गत. 'डॅलस' या अमेरिकन टीव्ही मालिकेने 1986 मध्ये मेलेला बॉबी शॉवरखाली ठणठणीत उभा केला आणि आधीचा अख्खा सीझन पॅम या पात्राचं स्वप्न होतं म्हणून पुसून टाकला. लोक अजून हसतात त्यावर.

भविष्य सांगणारी स्वप्नं तर आणखी वाईट, एकच घटना दोनदा वाचायची शिक्षा. ज्याला जागेपणी काही दाखवता येत नाही तो झोपेत काय दिवे लावणार?

चांदणचकवा
मग त्रिजटेलाही काढा रामायणातून. सुंदरकांडात राक्षसिणी सीतेला छळतायत आणि त्यांच्यातलीच ही उठून सांगते की मला स्वप्न पडलं, राम शुभ्र वस्त्रात होता आणि रावण मुंडन केलेला, तेलाने माखलेला, लाल कपड्यात, गाढवावर बसून दक्षिणेला चाललाय. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला पाठ आहे, तरी प्रसंग उभा राहतो, कारण ते ऐकून राक्षसिणी टरकतात. स्वप्न तिथल्या तिथे काम करतं. आणि हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी खरंच देऊन टाकलं, ते नसेल तर कथाच नाही.

खोडरबर
वाल्मीकींना सूट. तुम्हा-आम्हाला नाही.

निद्रानाशी
एका कथास्पर्धेचा परीक्षक होतो, तेव्हापासून माझा राग वेगळाच आहे. स्वप्न आलं की तिरका टाइप! तीन-तीन पानं तिरकी, मान दुखते. आणि स्वप्नं तरी कशी, लाल साडी, निळा उजेड, सोनेरी दरवाजा. अरे स्वप्नात रंग असतात कुठे? मला आयुष्यात रंगीत स्वप्न पडलेलं नाही.

मिनू_वाचते
काय????? मला कालच पोपटी रंगाची बस दिसली, रंग अजून डोळ्यासमोर आहे.

निद्रानाशी
तो रंग तुम्ही उठल्यावर भरलात. आमच्या घरात कुणालाच रंगीत पडत नाहीत, विचारून झालंय.

टिपकागद
थांबा दोघंही. 1940-50 च्या सुमारास अमेरिकेत लोकांना विचारलं तेव्हा बरेच जण म्हणायचे की आमची स्वप्नं कृष्णधवल असतात, नंतरच्या पिढ्या रंगीत सांगायला लागल्या. काही अभ्यासकांनी त्याचा संबंध कृष्णधवल सिनेमा-टीव्हीशी जोडला. आता स्वप्नं बदलली की फक्त सांगणं बदललं, यावर वाद आहे. बाकी 1953 मध्ये ऍसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी डोळे भराभर हलतात ती झोप शोधली, त्या झोपेतून लगेच उठवलं तर माणूस स्वप्न बऱ्यापैकी सांगतो, जरा वेळ गेला की पुसट. त्यामुळे कथेतल्या नायकाला ऑफिसात बसून दुपारी अख्खं स्वप्न संवादांसकट आठवतं ते मला जास्त खटकतं.

निद्रानाशी
आमचा टीव्ही रंगीतच होता. मग?

चांदणचकवा
त्रिजटेकडे टीव्हीच नव्हता, तिला लाल दिसलं.

निद्रानाशी
तिची मुलाखत घेतलीत वाटतं.

मिनू_वाचते
स्वतःला पडत नाहीत म्हणून जगाला खोटं पाडायचं! असे परीक्षक असतात म्हणून चांगल्या कथा पहिल्याच फेरीत उडतात, माझी उडालेली आहे त्यामुळे बोलतेय.

निद्रानाशी
स्वप्न होतं ना त्यात? मग बरोबर उडाली.

खोडरबर
रंगांसाठी वेगळा धागा काढा, इथे मूळ मुद्दा मेला.

ओसाडगावची
मूळ मुद्द्यावर मी बोलते. माझा भाऊ गेला. तो स्वप्नात येतो तेव्हा धूर नसतो, दरवाजे नसतात. तो चष्मा शोधत असतो आणि उशीर होतोय म्हणून मी त्याच्यावर चिडलेली असते. तो गेलाय हे तिथे मला माहीतच नसतं. जाग आल्यावरही दोन क्षण ती चिडचिड तशीच असते, मग आठवतं. हे स्वप्न वगळून लिहून पाहिलं तर नुसता शोकसंदेश झाला. जागेपणी मी त्याच्यावर चिडूच शकत नाही हो, तर जागेपणी दाखवू कशी? दचकणं वगैरे काही नाही यात.

खोडरबर
हे वेगळं आहे. तुम्ही वाचकापासून लपवत नाही आहात. एवढी सूट दिली, लेखी मागू नका.

टिपकागद
आणि 1865 पासून लोक 'ॲलिस इन वंडरलँड' वाचतायत, ते तर शेवटी स्वप्नच निघतं. तिथे पैसे मागायला कुणी येत नाही.

खोडरबर
बोलणारा ससा पळाला तेव्हाच कळलं ना काय चाललंय ते. त्या विहिरीतल्या भावाचं तसं नव्हतं.

चांदणचकवा
लपवण्याचं म्हणाल तर भासाचं संस्कृत नाटक स्वप्नवासवदत्त घ्या. पाचव्या अंकात उदयन राजा झोपेत बरळतोय, ज्या बायकोला, वासवदत्तेला, तो मेलेली समजतो ती खरंच शेजारी आहे, त्याला उत्तरं देते, त्याचा खाली लोंबणारा हात उचलून पलंगावर ठेवते आणि निघून जाते. तो उठून सांगतो ती दिसली, विदूषक म्हणतो स्वप्न पडलं असेल. प्रेक्षकाला सगळं माहीत, फसलाय तो फक्त राजा.

खोडरबर
मग मी तेच तर म्हणतोय, वाचकाला फसवू नका.

चांदणचकवा
हे तुम्ही आत्ता म्हणताय. वर "झोपेत काय दिवे लावणार" होतं. पण चालू द्या, तुमच्याकडून एवढं मिळालं हेही पुष्कळ.

निद्रानाशी
भास असो नाहीतर कुणी, तिरका टाइप दिसला की मी बाद करणार.

मिनू_वाचते
सरळ टाइपात पाठवते. पोपटी बससकट.