पॉवर्ड पॅराशूटला ऑटोपायलट: नाशिकमध्ये हाती घ्यावे का?

गोदाकाठ: आमच्या चार-पाच जणांच्या गटाने पॉवर्ड पॅराशूटसाठी, म्हणजे मागे पंखा लावलेली गाडी आणि डोक्यावर हवेने फुगलेली छत्री अशा वाहनासाठी, स्वयंचलित नियंत्रण विकसित करावे असे मला वाटते. येथे वैमानिकाच्या हाती दोनच गोष्टी असतात. थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करून, चढउतार होतो आणि मागच्या कडेच्या ब्रेक-दोऱ्या ओढून वळण घेता येते. वेग थ्रॉटलवर नव्हे, तर वजन आणि छत्रीचा आकार यांच्यावर ठरतो व साधारण ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास राहतो, त्यामुळे विमानाच्या ऑटोपायलटची निम्मी कटकट येथे नाहीच. आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने डिसेंबर २०२१ मध्ये ५०० किलोपर्यंतचे सामान ठरलेल्या जागी स्वतः नेऊन उतरवणाऱ्या पॅराशूटचे प्रात्यक्षिक दिले होते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर फवारणीसाठी आपल्याला असे काही का जमू नये?

ओझरकर: विमानाच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली असल्यामुळे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आग्र्याच्या त्या पॅराशूटला इंजिन नाही. ते फक्त खाली येते आणि येता येता दिशा सुधारते. आपण त्याला पंखा जोडलात की प्रश्नच बदलतो. थ्रॉटल वाढवताच आधी गाडी पुढे झोका घेते, त्यामुळे छत्री मागे कलते आणि मग काही क्षणांनी चढ सुरू होतो. त्या मधल्या काळात तुमचा संगणक ‘अजून चढत नाही’ असे समजून आणखी थ्रॉटल देईल, नंतर घाबरून कमी करील, आणि यात्रेतल्या पाळण्यासारखी गाडी हेलकावत राहील. शिवाय संवेदक गाडीवर बसवणार ना? मग तो गाडीचा झोका मोजेल, छत्रीचा नव्हे.

वाऱ्याचे काय, हेही सांगा. ताशी ३० किलोमीटरचा आडवा वारा असेल तर सरळ रेषेत जाण्यासाठी नाक सुमारे ४२ अंश वाऱ्याकडे वळवावे लागते आणि जमिनीवरचा वेग ३३-३४ वर येतो. समोरून तोच वारा आला तर उरतात १५. नाकाची दिशा हीच मार्गाची दिशा, असे मानणारा ऑटोपायलट चांदवडच्या बाजूला निघाला तर सिन्नरला सापडेल.

निफाडचा बागायतदार: वाद मोठा आहे, पण फवारणी त्यातून वगळा. मांडवावरच्या वेलीत औषध पानांच्या खालच्या बाजूला आणि घडांपर्यंत जावे लागते, म्हणूनच आम्ही ट्रॅक्टरचा ब्लोअर ओळीओळीतून फिरवतो. वरून एवढ्या वेगाने शिंपडलेले औषध शेजाऱ्याच्या बागेत जाईल, आणि भांडण माझ्या बांधावर होईल. इंजिन बंद पडल्यावर हे वाहन हळू उतरते, हे खरे. पण ते कुणाच्या मांडवावर उतरेल, हे वाराच ठरवणार.

संगणकवाला: ओझरकरांचा झोक्याचा मुद्दा मान्य, निष्कर्ष मात्र मान्य नाही. झोक्याचा आवर्तकाळ, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ, मोजता येतो; थ्रॉटलचा आदेश त्यापेक्षा सावकाश बदलला आणि गाडीच्या क्षणिक कोनाऐवजी चढण्याच्या दरावर नियंत्रण ठेवले, तर हेलकावे वाढत नाहीत. वाराही मोजता येतो: एक पूर्ण फेरी मारली की जीपीएसने दाखवलेल्या सर्वाधिक आणि किमान वेगांतील फरकाच्या निम्मा तो वारा. मला खरी भीती उड्डाणाची नाही, जमिनीची आहे. धावपट्टीवर छत्री एका बाजूने आधी फुगली किंवा दोरी अडकली, तर माणूस ते वर पाहून ओळखतो आणि थ्रॉटल सोडतो. यंत्राला ते कसे दाखवायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

गोदाकाठ: फवारणीचा आग्रह मी मागे घेतो, बागायतदारांनी लिहिले त्यावर प्रतिवाद नाही. गारपिटीनंतरची पाहणी किंवा तुटलेल्या वाटेपलीकडे औषधे पोहोचवणे, एवढाच हेतू ठेवू. उड्डाण व उतरणे माणसाकडे आणि मधला प्रवास संगणकाकडे, तोही पहाटेच्या शांत हवेत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसपास उंचीवर बंधने आहेत, म्हणून जागा ओझरच्या विमानतळापासून दूरच शोधावी लागेल.

ओझरकर: एवढ्यावर मी येईन. मात्र वारा किती झाला की संगणकाने मोहीम सोडून परत फिरायचे, तो आकडा आधी कागदावर लिहून आणा. माझ्या मते तो छत्रीच्या वेगाच्या एक तृतीयांशापेक्षा वर नसावा.

निफाडचा बागायतदार: आणि परत फिरताना खाली कोणाची बाग येते, तेही त्याच कागदावर लिहा.