मदत हवी आहे: चाळिशीत सुरू झालेला एक्झिमा, मोठ्यांमध्ये कितपत आढळतो आणि 'गंभीर' कधी म्हणायचं?

माळरान

नमस्कार मंडळी. वय 43, राहणार शिरूर तालुका, नोकरीसोबत थोडी शेतीही बघतो. लहानपणी कातडीचा कसलाच त्रास नव्हता. आता कोपराच्या आतल्या बाजूला, मानेवर, कानामागे आणि पापण्यांवर लाल चट्टे येतात. खाज एवढी की रात्री झोपेतच खाजवतो आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. फॅमिली डॉक्टर 'एक्झिमा' म्हणाले, मलम दिलं, बरं वाटलं, पुन्हा आलं.

आई म्हणते, इसब पोरांना होतं, तुला या वयात कुठून? ऑफिसात एक जण माझा डबा शेअर करायचा, तो हल्ली 'आज भूक नाही' म्हणतो. मेव्हण्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली आहे, 'लाव, दोन दिवसांत साफ.' ती अजून उघडलेली नाही.

मोठ्या माणसांत हे खरंच दुर्मिळ आहे का? आणि माझं प्रकरण हलकं की गंभीर, हे कशावरून ठरवतात? अंगाचा थोडाच भाग आहे म्हणून डॉक्टर फार मनावर घेत नाहीत असं वाटतं.

निवडुंग_७

दुर्मिळ अजिबात नाही. 2019 साली अमेरिकेतल्या प्रौढांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात साधारण 7 टक्के लोकांना अ‍ॅटोपिक एक्झिमा (अंगातल्याच अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीतून होणारा, नेहमीचा प्रकार) निघाला. त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त सौम्य, चाळीसएक टक्के मध्यम आणि 8 टक्के गंभीर. त्याआधी 2018 मध्ये बऱ्याच देशांची एकत्र पाहणी आली होती, तिचे निकष जास्त कडक होते. तिच्यात जपानमध्ये 2 टक्के, तर अमेरिकेत 5 टक्क्यांच्या जवळपास असा आकडा आला. म्हणजे आकडा निकषांप्रमाणे हलतो, पण शंभर माणसांच्या ऑफिसात दोन-चार जण तरी असणारच. ते बाह्या खाली ओढून बसतात, एवढंच.

आणि आईंना सांगा, एक्झिमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण चारात एकाला तो मोठेपणीच सुरू झालेला असतो. माझा स्वतःचा लहानपणी होता, कॉलेजात गायब झाला आणि तिशीनंतर व्याजासकट परत आला.

डबेवाल्या मित्राला सांगा की हे लागट नाही. (तो भाजीला मुकतोय, त्याचं नुकसान.)

शाईपेन

गंभीरपणाबद्दल. किती भाग व्यापलाय हा मोजमापाचा फक्त एक तुकडा झाला. 'पोएम' नावाची प्रश्नावली आहे, इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाची. सात प्रश्न: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी सुटलं, भेगा पडल्या, पापुद्रे सुटले, कातडी कोरडी-खरखरीत वाटली. एकही दिवस नाही तर 0, रोज असेल तर 4. एकूण 28. 3 ते 7 सौम्य, 8 ते 16 मध्यम, 17 ते 24 गंभीर, त्यापुढे अतिगंभीर.

तुम्ही लिहिलंय त्यावरून खाज, झोप आणि रक्त, एवढ्यातच 12 होऊ शकतात. चट्टे दोन तळहातांएवढे असले तरी. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. 'फार खाजतं' म्हटलं की मान डोलावतात, आकडा दिसला की लिहून घेतात.

मोगरा_आणि_मिरची

दोघांचं बरोबर आहे, पण मला वेगळीच शंका येतेय. मी त्वचारोग विभागात नर्स होते. त्रास मोठेपणी सुरू झाला की आमचे सर आधी विचारायचे, हे अ‍ॅटोपिक आहे हे कुणी ठरवलं? नायटा, खरूज, सोरायसिस, सिमेंट किंवा रबराची अ‍ॅलर्जी हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं.

माळरान, तुमच्या बांधावर गाजर गवत आहे का? पापण्या, कानामागे, मान, कोपराची घडी हे त्याचे लाडके अड्डे. नुसत्या उन्हाची अ‍ॅलर्जी असती तर पापण्या आणि कानामागची सावलीतली जागा बहुतेक सुटते. हवेतून उडणारी गवताची धूळ मात्र तिथेच साचते. हे गवत 1950 च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलं आणि 1970 च्या दशकात त्याच्या त्वचारोगाचे रुग्णही पुण्याकडचेच नोंदले गेले, म्हणजे तुमचा इलाखा अगदी घरचाच. शेतात जाऊन आल्यावर वाढतं का, पावसाळ्यानंतर गवत फुलतं तेव्हा वाढतं का, हे बघा.

मेव्हण्याच्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासोल (फार जोरकस स्टेरॉइड) असेल, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं असेल, तर पापण्यांजवळही नेऊ नका. नायट्यावर लावलं तर कडा पुसट होतात आणि पुढच्या डॉक्टरला तो ओळखूच येत नाही. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी काउंटरवर काय चालतं ते आपण बघतोच. स्टेरॉइड वाईट नसतं. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरावीक दिवस लावलं तर तेच मुख्य औषध. पापण्यांसाठी टॅक्रोलिमससारखी बिनस्टेरॉइड मलमंही आहेत, पण तीही डॉक्टरांनीच द्यावीत.

माळरान

सगळ्यांचे आभार. पोएम भरली, 19 आले. बायको म्हणाली, झोपेच्या प्रश्नाचं उत्तर तिला विचारायला हवं होतं.

ट्यूब वाचली. मोगराताई, तुम्ही म्हणालात तेच तिन्ही. आणि हो, विहिरीच्या बाजूने कमरेएवढं गाजर गवत आहे. गवताचीच अ‍ॅलर्जी आहे हे नक्की कसं कळणार?

मोगरा_आणि_मिरची

पॅच टेस्ट. संशयित पदार्थ लावलेल्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, निकाल फसवा येतो. फोन करून 'गाजर गवताचा अँटिजेन (म्हणजे तपासणीसाठी लावायचा त्याचा अर्क) आहे का' असं स्पष्ट विचारा आणि मगच जा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात खर्चही कमी येतो.

तोवर विहिरीकडचं गवत दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, फुलं यायच्या आत, आणि त्या माणसाला हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. जाळू नका.