हत्तुशाचं येरकापी: एवढा तट उभारून खालून भुयार कशाला काढलं?

दगडधोंडा:
हित्ती लोकांच्या (साडेतीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात राज्य केलेले) राजधानीबद्दल, म्हणजे हत्तुशाबद्दल (आजचं बोआझकाले, तुर्कस्तानातला चोरुम प्रांत) वाचतोय आणि एका गोष्टीवर अडकलोय. शहराच्या दक्षिण टोकाला येरकापी नावाची जागा आहे. तिथे मातीचा प्रचंड भराव घातलाय, लांबी २५० मीटर, पायथ्याला रुंदी ८० मीटर, उंची ३० मीटरच्या आसपास, बाहेरचा उतार दगडांनी फरसबंद केलेला, वर तटाची भिंत आणि मधोमध स्फिंक्स दरवाजा (स्फिंक्स म्हणजे सिंहाचं धड आणि माणसाचं डोकं असलेली मूर्ती). इथवर ठीक. पण त्याच भरावाच्या पोटातून ७१ मीटरचं भुयार काढलंय, आतून सरळ बाहेर! आणि कहर म्हणजे बाहेरच्या उताराला दोन्ही टोकांशी दगडी जिने. मग शत्रूने जिना चढून यायचं की भुयारातून, हे त्याचं त्याने ठरवायचं का? खरंच कळत नाहीये, कोणी सांगेल का.

बुरूजवाला:
अरे चोरदरवाजा आहे तो, त्यात एवढं काय. हत्तुशाच्या खालच्या शहरातली (उत्तरेकडचा जुना भाग) जी जुनी तटबंदी आहे तिच्याखाली अशी आठ भुयारं सापडलीत, म्हणजे येरकापीचं एकटंच काही वेगळं नाही, हित्ती लोकांची ती सवयच होती. वेढा पडला की आतली तुकडी गुपचूप बाहेर काढायची, शत्रूच्या पिछाडीवर हल्ला करून परत आत. दोन्ही तोंडांना दारं होती, बंद केली की ७१ मीटरच्या अंधाऱ्या बोळात शिरणाऱ्याचं काय होणार ते सांगायला नको.

आणि भुयार म्हणून ते खोदलेलं नाहीये बरं का. आधी उघड्यावर बांधलं, मग त्यावर भराव टाकला. चुना नाही, काही नाही, नुसते ओबडधोबड मोठे दगड दोन्ही बाजूंनी वर जाता जाता एकेक करून आत झुकवत नेलेत आणि डोक्यावर पाचरीसारखा दगड ठोकून बसवलाय, वरची माती जेवढी दाबते तेवढं ते आणखी घट्ट होतं. खरी कमान नव्हेच ती, पण साडेतीन हजार वर्षांनी आजही माणूस आरामात चालत जातो त्यातून.

खापरी:
बुरूजवाला, खालच्या शहरातल्या भुयारांबद्दल मान्य, पण येरकापीला हे लागू होत नाही. गुपचूप कसलं? बाहेरचं तोंड फरसबंद उताराच्या बरोब्बर खाली, मोकळ्या मैदानासमोर, लांबून दिसेल असं. चोरदरवाजा असा ठेवतं का कोणी? वर उताराचा कोन असा की धडधाकट माणूस हातपाय टेकून चढून जाईल, आणि ज्याला तेही नको त्याच्यासाठी जिने आहेतच, दगडधोंडा म्हणतोय त्यात तथ्य आहे. तिथे उत्खनन केलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं मत आता असंच आहे की येरकापी हे लढाईपेक्षा मिरवायला बांधलं होतं, मिरवणुका, देवाचे विधी, आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला लांबूनच राजाची ताकद दिसावी म्हणून.

आणखी एक बघा. याच तटातल्या दुसऱ्या एका दरवाजाचे, सिंह दरवाजाचे, सिंह बाहेर तोंड करून आहेत, येणाऱ्यावर जबडा उघडून. पण पूर्वेच्या राजा दरवाजावर जो शस्त्रधारी देव कोरलाय (नाव राजा दरवाजा, आकृती देवाची, मूळ शिल्प अंकाराच्या म्युझियममध्ये) तो आतल्या बाजूला आहे, शहरातून बाहेर पडणाऱ्याला दिसेल असा. शत्रूला घाबरवायचं असतं तर आत कशाला कोरला असता? ज्यांना लढायचे दरवाजे बघायचेत त्यांनी या दोन दरवाजांचा रस्ता बघावा, दारापर्यंत जाणारी चढण तटाला चिकटून नेलीय, म्हणजे येणाऱ्याची एक बाजू सबंध वेळ वरच्या पहारेकऱ्यांच्या माऱ्यात, मग दोन दरवाजे आणि मध्ये चौक.

बुरूजवाला:
मिरवायला एवढी माती ओढली असेल तर राजाला दुसरा उद्योग नव्हता म्हणायचा. उत्तरेला कास्का नावाचे शत्रू लोक डोक्यावर बसलेले, तिसऱ्या तुधालिया राजाच्या काळात त्यांनी हत्तुशा जाळलंच ना. आणि वेढा काय असतो ते हित्तींना दुसऱ्या बाजूनेही माहीत होतं. हित्तींनी उर्शू शहराला घातलेल्या वेढ्याची जी गोष्ट त्यांच्याच दफ्तरात सापडली त्यात तट फोडायचं यंत्रच मोडतं आणि राजा सरदारांवर असला भडकतो की वाचताना हसू येतं. पुढे सुप्पिलुलियुमा राजाने कार्केमिश शहर घेतलं ते मात्र आठ दिवसांत.

मातीकाम:
तुम्ही दोघं दगडावरच भांडताय, पण तट दगडाचा नव्हताच! दगडाचं फक्त जोतं. त्याच्यावर समांतर दोन भिंती, मध्ये आडव्या भिंती घालून कप्पे पाडायचे, कप्प्यांत दगडमाती भरायची, आणि वरचं सगळं बांधकाम उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं. ते वरचं सगळं वाहून गेलं म्हणून आज फक्त दगड दिसतात.

जर्मन पुरातत्त्व संस्थेने २००३ ते २००५ मध्ये तटाचा ६५ मीटरचा तुकडा जुन्या पद्धतीने पुन्हा बांधून बघितला. वीट ४५ सेंमी बाय ४५ सेंमी, जाडी १०, वजन ३४ किलो, अशा ६४ हजारांच्या आसपास विटा पाडल्या, नुसत्या त्या तुकड्यासाठी. भिंत ७-८ मीटर उंच, बुरूज १२-१३ मीटर. वरच्या चर्या (तटाच्या माथ्यावरचे दातेरी कठडे) कशा होत्या ते कळलं मातीच्या भांड्यांवरून, हित्ती कुंभार भांड्याच्या काठावर छोटे बुरूज करायचे, चर्या, खिडक्या सगळं दाखवून. आता पूर्ण तट सहा किलोमीटरच्या वर, हिशोब तुम्हीच करा. आणि काम इथे संपत नाही, कच्च्या विटेला गिलावा नाही केला तर चार पावसाळ्यांत चिखल.

म्हणून मला त्या सीमेवरच्या अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना जास्त आवडतात. पहिल्या अर्नुवंदा राजाच्या काळच्या आहेत, मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या. त्यात शौर्य वगैरे काही नाही, गिलावा नीट करा, छप्पर गळू देऊ नका, संध्याकाळी दरवाजे आणि भुयारांची दारं लावून अडसर घाला, सकाळी आधी टेहळणीवाले आजूबाजूचा मुलूख बघून येतील, मगच गुरं बाहेर सोडा. राजधानीतही हेच, दरवाजांना रात्री सील लावायचं आणि सकाळी ते तपासूनच उघडायचं.

दगडधोंडा:
हे भारी आहे. पण मग वरचं शहर (दक्षिणेकडचा उंचावरचा भाग) आणि येरकापी नक्की कधीचं? मी वाचलं त्यात चौथा तुधालिया, इसवीसनपूर्व १३ वं शतक असं होतं, म्हणजे साम्राज्य संपत आलं तेव्हा घाबरून बांधलं.

खापरी:
ते जुनं मत झालं. नंतर रेडिओकार्बनच्या (जुन्या लाकूड-हाडांतल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) तारखा आल्या आणि वरच्या शहराची सुरुवात इसवीसनपूर्व १६ व्या शतकापर्यंत मागे गेली. त्यामुळे घाबरून बांधलं ही थिअरी बाद, उलट राज्य जोरात वर येत होतं तेव्हाची गोष्ट आहे. माझ्या मिरवण्याच्या मुद्द्याला हे जास्त जुळतं, बुरूजवाला काय म्हणायचं ते म्हणो. आणि भुयारातच २०२२ मध्ये दगडांवर लाल रंगात काढलेली २४९ चित्रलिपीची चिन्हं सापडली. नुसत्या छुप्या हल्ल्याच्या वाटेवर एवढं कोण रंगवत बसेल?

बुरूजवाला:
पहाऱ्यावर बसून कंटाळलेला शिपाई. बाकी तारखांचं मान्य.